साडेअकरा इंची इनफिल्ड ग्लोव्ह: तीन हजारांच्या आत शॉर्टस्टॉपच्या हाताला साजेल असं काही मिळतं का?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन 'बेसबॉलचा ग्लोव्ह द्या' म्हटलं की काउंटरवर बहुधा सॉफ्टबॉलचा ग्लोव्ह येतो. साडेबारा-तेरा इंची, खोल पॉकेटचा (म्हणजे चेंडू झेलायच्या खळग्याचा), प्लास्टिकच्या पिशवीत दोन पावसाळे काढलेला. दुकानदाराची त्यात फारशी चूक नाही. आपल्याकडच्या शाळा सॉफ्टबॉल जास्त खेळतात आणि त्या चेंडूचा घेर १२ इंच असतो, म्हणून ग्लोव्हही मोठा. बेसबॉलचा घेर ९ ते सव्वानऊ इंच आणि वजन १४२ ते १४९ ग्रॅम. तो चेंडू तेरा इंची ग्लोव्हमध्ये गेला की आत हरवतो, आणि शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा) किंवा सेकंड बेसवर उभ्या राहणाऱ्या मुलाला तो शोधत बसायला वेळ नसतो.

हा रिव्ह्यू आहे मेरठ-जालंधरकडून येणाऱ्या साडेअकरा इंची इनफिल्ड (बेसांभोवतालच्या आतल्या मैदानाच्या) ग्लोव्हचा. माल साधारण एकसारखाच असतो, लेबल दुकानागणिक वेगळं. किंमत अडीच ते तीन हजार. ठाण्यात किंवा वाशीत तयार मिळाला तर नशीब, नाहीतर दुकानदार मागवून देतो. थांबायचं नसेल तर लोकलने सीएसएमटी गाठून धोबी तलावच्या दुकानांत चार नग हाताळून घेणं उत्तम. ग्लोव्ह फोटोवरून घेऊ नये. का, ते पुढे कळेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. कातडं किमतीच्या मानाने चांगलं, शिलाई ठीक, लेस (ग्लोव्ह बांधणारी कातडी दोरी) वाईट आणि पॅडिंग चुकीच्या जागी. दुकानातून आणून थेट मैदानात नेला तर पैसे वाया. मोच्याकडे एक फेरी, वर तीन-चारशे रुपये आणि दोन आठवडे दिले, तर अकरा ते पंधरा वर्षांच्या इनफिल्डरसाठी या पैशांत याहून बरं काही इथे मिळत नाही.

आधी मापाचं का एवढं कौतुक, ते. मेजर लीगमधला (अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग) सरासरी वेगाचा उजवा बॅटर चेंडू मारल्यापासून पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट साधारण ४.३ सेकंदांत कापतो. शॉर्टस्टॉपकडून पहिल्या बेसपर्यंत थ्रो अंदाजे १२० फुटांचा. ताशी ८० मैलांनी फेकला तरी त्यात एका सेकंदाहून थोडा जास्त वेळ जातो. उरलेल्या तीनेक सेकंदांत ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) येणार, तो उचलायचा, चेंडू उजव्या हातात घ्यायचा, पाय लावायचे आणि सोडायचा. खोल पॉकेटमध्ये चेंडू चाचपण्यात दोन दशांश सेकंद गेले, तर तेवढ्यात रनर पाचेक फूट पुढे गेलेला असतो. मेजर लीगच्या खेळाडूंचा पूर्ण धावेतला सरासरी वेगच सेकंदाला २७ फूट आहे. आउट आणि सेफ (रनर चेंडूआधी बेसवर पोचला) यांच्यात बहुतेक वेळा पाच फूटही नसतात.

म्हणून शॉर्टस्टॉप साडेअकरा इंच वापरतो, सेकंड बेसवाला सव्वाअकरा ते साडेअकरा. थर्ड बेसवर चेंडू जोरात येतो आणि विचार करायला वेळच नसतो, तिथे पावणेबारा ते बारा इंच आणि थोडं खोल पॉकेट चालतं. आउटफिल्डला, म्हणजे मागच्या मोकळ्या मैदानात, साडेबाराच्या पुढे.

दुकानात सर्वांत आधी मोजपट्टी काढा. ग्लोव्हवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. या मालात '१२' छापलेला ग्लोव्ह साडेअकरा भरतो आणि '११.५' छापलेला कधी अकरा, कधी बारा. तर्जनीच्या टोकापासून पट्टी पॉकेटच्या आतून, कातड्याला चिकटवून, खाली हीलच्या (ग्लोव्हचा मनगटाकडचा तळ) कडेपर्यंत न्यायची. हवेतून सरळ धरली तर माप कमी येतं. मग हात कोणता ते बघा. 'आर.एच.टी.' म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्याचा, तो डाव्या हातात चढतो. काउंटरवरचा माणूस 'राइट हँडवाला' म्हणून भलताच काढून देतो आणि हे घरी गेल्यावर कळतं, तेव्हा तिथेच हात घालून बघणं बरं.

वेब, म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधली जाळी, बघा. इनफिल्डला इंग्रजी आय किंवा एच अक्षरासारखा आय-वेब किंवा एच-वेब घ्यावा. त्यातून माती खाली गळून जाते आणि चेंडू अडकून बसत नाही. बंद, टोपलीसारखं विणलेलं वेब पिचरचं (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याचं). तो त्यात चेंडूवरची पकड लपवतो. या मालात आय-वेबचे नग कमी येतात, पण येतात. मागून घ्या.

कातड्याची परीक्षा कडेला होते. लेस जिथून ओवलेली असते त्या भोकाची किंवा करंगळीकडची कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. पूर्ण जाडीभर तंतू दिसले तर वरच्या थराचं कातडं. वर चकचकीत पातळ पापुद्रा आणि खाली भुसभुशीत थर दिसला, तर ते खालच्या थरावर चढवलेलं प्लास्टिक. दोन महिन्यांत सोलतं, आणि सोलायला सुरुवात पॉकेटमध्येच होते. अंगठ्याने पॉकेट दाबल्यावर बारीक सुरकुत्या पडून परत जाव्यात. गुळगुळीत खळगा पडला तर ठेवून द्या. 'जेन्युइन लेदर' हा शिक्का दोन्ही प्रकारांवर असतो, त्याला अर्थ नाही. चांगला नग साडेपाचशे-सहाशे ग्रॅमच्या आसपास असावा. त्याहून बराच जड लागला तर आत फेल्ट (दाबलेल्या लोकरीसारखं जाड अस्तर) ठासून भरलेलं आहे असं समजा.

आता मुख्य दोष. हा ग्लोव्ह चुकीच्या जागी मिटतो. कारखान्यात हीलच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बुडाशी, जाड फेल्ट घालतात, म्हणजे ग्लोव्ह हातात घेतल्यावर भरीव वाटतो आणि विकला जातो. त्यामुळे तळ अजिबात वाकत नाही. मुलगा जोर लावतो तेव्हा अंगठा मधल्या बोटाकडे दुमडतो आणि पॉकेट वर, वेबमध्ये सरकतं. इनफिल्डरला ते हवं असतं तर्जनी-मधल्या बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या भागात. चेंडू तिथे बसला की दुसऱ्या हाताला तो लगेच सापडतो. वेबमध्ये गेलेला चेंडू काढायला मनगट वळवावं लागतं. शिवाय हील ताठ असली तर जमिनीलगतचा ग्राउंडर हीलवर आदळून समोर उडतो. कोच ओरडतो 'हात मऊ ठेव', पण हात मऊच असतो. दगड झालेला असतो ग्लोव्ह.

उपाय सोपा आहे, फक्त धीर हवा. हीलच्या खालच्या कडेने जाणारी लेस अर्धी सोडा. बाहेरचं कातडं आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये फेल्टचे दोन तुकडे दिसतील, एक अंगठ्याकडचा, एक करंगळीकडचा. ते बाहेर ओढा. ग्लोव्ह जिथे मिटायला हवा ती रेघ, म्हणजे तळहाताच्या मध्यापासून हीलपर्यंत तिरपी, पेन्सिलने फेल्टवर आखा आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना साधारण पाव इंच फेल्ट कापून टाका. उरलेला तुकडा जाड असेल तर ब्लेडने त्याचा एक थर सोलून पातळ करा. पूर्ण काढून टाकायचा मोह होतो, तो आवरावा. फेल्ट अजिबात नसेल तर ग्लोव्ह वर्षभरात चुरगळलेल्या पिशवीसारखा होतो. आणि तर्जनीच्या मुळाशी जे पॅडिंग आहे त्याला हात लावू नका. थर्ड बेसवरचा एक जोरकस फटका त्या हाडावर बसला की मुलगा पुढचे पंधरा दिवस चेंडूला घाबरतो, आणि त्या भीतीवर मोच्याकडे औषध नाही.

लेस बदलणं हाही पहिल्याच आठवड्याचा खर्च समजावा. कंपनीची लेस पातळ, रंगवलेली, खालच्या थराच्या कातड्याची असते. वेबच्या वरच्या टोकाला, जिथे ती बोटांच्या शेंड्यांतून जाते, तिथे ती पहिली तुटते. भर सामन्यात तुटली तर वेब लोंबतं आणि सांभाळायला दुसरा ग्लोव्ह नसतो. ३/१६ इंच रुंदीची, ७२ इंच लांबीची कच्च्या कातड्याची लेस मागवा. वेब आणि हील मिळून अशा दोन पुरतात. ठाणे किंवा नेरुळ स्टेशनबाहेर बसणारे मोची हे काम बॅट-पॅडच्या पट्ट्या शिवतात तितक्याच सफाईने करतात, मात्र जुनी लेस काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्यांना दाखवा; ओवण्याचा क्रम चुकला तर वेब तिरकं बसतं. घरी करायचं असेल तर बारीक तार दुमडून तिच्या फटीत लेसचं टोक अडकवा, सुई म्हणून ती छान चालते. बोटांमधली लेस फार ताणू नका. बोटं एकमेकांना चिकटली की पॉकेट उथळ होतं खरं, पण ग्लोव्ह उघडायचाच थांबतो.

मग मुरवणं. विल्सन कंपनीचे ग्लोव्ह-कारागीर शिगेआकी आसो मेजर लीगच्या खेळाडूंचे नवे ग्लोव्ह गरम पाणी ओतून आणि लाकडी हातोड्याने ठोकून तयार करतात, हे इंटरनेटवर पाहून इथेही लोक किटली घेऊन बसतात. चांगल्या, दाट तंतूंच्या कातड्याला ते झेपतं. आपल्या तीन हजारी ग्लोव्हला नाही. आतलं फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि ठाण्याच्या हवेत ते वाळता वाळत नाही. कोरडी पद्धत घ्या. दोन्ही हातांनी हील हव्या त्या रेघेवर मागे-पुढे मोडा, रोज दहा मिनिटं. मग लाकडी मोगरी किंवा जुना सीझन बॉल घेऊन पॉकेटच्या जागी ठोका. क्रिकेटच्या चेंडूचा घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, बेसबॉलचा साधारण २२.९ ते २३.५. म्हणजे आकार जवळजवळ तोच, वजन किंचित जास्त. घरोघरी पडलेला सीझन बॉल यासाठी झकास. रात्री तोच चेंडू पॉकेटमध्ये ठेवून ग्लोव्हभोवती सैल फडकं गुंडाळा. घट्ट रबरी पट्टा लावून गादीखाली घालू नका, ग्लोव्ह पापडासारखा चपटा होतो आणि अंगठा कायमचा आत वळतो. चार-पाच दिवसांनी खरे थ्रो सुरू करा, आधी वीस पावलांवरून, रोज शंभरेक.

तेल जवळजवळ नकोच. लॅनोलिन असलेलं लेदर क्रीम मुगाच्या दाण्याएवढं, फडक्यावर घेऊन, पॉकेट आणि हीलच्या घडीवर, महिन्यातून एकदा. खोबरेल, मोहरी, एरंडेल यांपैकी काहीही ओतलं की कातडं दोन दिवस लोण्यासारखं मऊ लागतं, मग जड आणि काळं होतं आणि माती शोषू लागतं. मायक्रोवेव्हचा प्रयोग करणारेही भेटतात. लेस कडक होऊन तुटते, एवढंच त्यातून मिळतं.

मनगटाचा पट्टा वेल्क्रोचा येतो. आपल्या लाल मातीत तो महिन्याभरात पकड सोडतो. जुन्या टूथब्रशने घासला की थोडे दिवस जातात. बकलचा किंवा लेसने बांधायचा पट्टा असलेला नग मिळाला तर तोच उचला.

मैदानावर ग्लोव्ह कसा वागतो, याला मैदानही जबाबदार असतं. ठाण्यातली शाळांची मैदानं असोत की नवी मुंबईतली सेक्टरमधली, मुरूम आणि खडी सगळीकडे आहे. शेवटचा टिप्पा कुठे उडेल ते सांगता येत नाही. क्रिकेटमधून आलेला मुलगा सवयीने गुडघा टेकून आडवा अडथळा करतो, हात चेंडूबरोबर मागे नेतो. बेसबॉलमध्ये ग्लोव्ह जमिनीला लावून, उघडा, पुढे ठेवायचा आणि चेंडूबरोबर खालून वर यायचं. वरून खाली जाणारा ग्लोव्ह उडालेल्या चेंडूपर्यंत पोचत नाही. फेल्ट कापून हील मोकळी केलेला हा ग्लोव्ह जमिनीवर नीट सपाट बसतो आणि टिप्पा पडता-पडता येणारा चेंडू बरा धरतो. मूळ अवस्थेत तो हीलवर टेकून मागे कलतो. फरक पहिल्याच सरावात दिसतो.

याच्या जोडीला सपाट सराव-ग्लोव्ह घ्यावा का, असं पालक विचारतात. नऊ-साडेनऊ इंचांचा, जवळजवळ पॉकेट नसलेला. मेजर लीगमधल्या टेक्सास रेंजर्सचे आणि नंतर एंजल्सचे मॅनेजर (मुख्य कोच) राहिलेले रॉन वॉशिंग्टन इनफिल्डच्या सरावासाठी प्रसिद्ध आहेत, आणि त्यांच्या सरावात खेळाडू गुडघ्यांवर बसून, अगदी जवळून, अशाच छोट्या ग्लोव्हने चेंडूमागून चेंडू घेतो. पॉकेट नसल्याने चेंडू तळहाताच्या मध्यावर घेऊन लगेच दुसरा हात लावावाच लागतो. इथे तो सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. जुन्या हवाई चपलेचा रबरी तळ घ्या, हाताच्या मापाचा कापा, मागे इलॅस्टिकची पट्टी मोच्याकडून शिवून घ्या. टेनिस बॉल, दहा-पंधरा फुटांवर भिंत, रोज शंभर चेंडू. सोसायटीची भिंत असेल तर दुपारी दोन ते चार सोडून.

पावसाळ्याचं थोडक्यात. जूनमध्ये ग्लोव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकला तर सप्टेंबरमध्ये पांढरी बुरशी हमखास. सुती पिशवी, आत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद, कपाटाबाहेर हवेशीर जागा. भिजला तर पंख्याखाली वाळवा, उन्हात नाही. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडून, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरच्या ओलसर फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर क्रीमचा हात फिरवा.

तुलना होते विल्सन ए२००० १७८६शी. साडेअकरा इंच, एच-वेब, मधल्या इनफिल्डसाठी बनवलेला. अमेरिकेत किंमत तीनशे डॉलरच्या घरात. कस्टम आणि कुरिअर धरून इथे हातात पडेपर्यंत तीस हजारांपर्यंत जाते. फरक आहेच. हील योग्य जागी मोडते, कातडं वर्षानुवर्षं आकार धरतं, लेस टिकते. पण बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला तो सुरुवातीला इतका ताठ लागतो की मिटतच नाही, आणि मिटेपर्यंत मोसम संपतो. वर मुलाचा हात वाढत असतो. पंधरा-सोळाव्या वर्षी, रोज ९० फुटांच्या बेसवर खेळणाऱ्याने तो घ्यावा. त्याआधी ६० फुटांच्या बेसवर, मग तो सॉफ्टबॉल असो की लिटल लीगच्या (लहान मुलांच्या) मापाचा बेसबॉल, डागडुजी केलेला देशी ग्लोव्ह पुरून उरतो.

दुकानात हमखास निघणारा विषय: पोरगा या ग्लोव्हने मेजर लीगपर्यंत जाईल का? भारतात वाढलेला एकही खेळाडू अजून मेजर लीगच्या सामन्यात उतरलेला नाही. २००८ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं, ते दोघेही पिचर. ते स्वाभाविकही होतं. फेकीचा वेग रडार गनवर पाच मिनिटांत मोजता येतो, भाला फेकणाऱ्या मुलाकडूनही काढून घेता येतो. इनफिल्डरचे पाय आणि हात मात्र हजारो ग्राउंडर घेतल्याशिवाय तयार होत नाहीत, आणि ते ग्राउंडर दहाव्या-अकराव्या वर्षापासून घ्यावे लागतात. अमेरिकेबाहेरच्या मुलाला सोळाव्या वर्षी करार करता येतो. त्यानंतर कॉम्प्लेक्स लीग, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या. २०२१पासून मेजर लीगच्या तीस क्लबांना जोडलेले मायनर लीगचे (खालच्या पायऱ्यांवरचे) १२० संघ आहेत आणि वर प्रत्येक क्लबच्या सव्वीस जागा. व्हेनेझुएलाच्या होसे अल्टुव्हेला उंची कमी म्हणून चाचणीतून परत पाठवलं होतं. तो पुन्हा गेला, पंधरा हजार डॉलरवर करार झाला आणि २०११च्या जुलैत सेकंड बेसवर मेजर लीगमध्ये उभा राहिला. उंची पाच फूट सहा इंच. आपल्या पालकांना हे उदाहरण फार आवडतं, पण त्याच्यामागे ज्या देशात गल्लीगल्लीत बेसबॉल चालतो तो देश होता, हे सोडून देऊ नये.

२०२३पासून मेजर लीगमध्ये पिच टाकताना सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच इनफिल्डर आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या बाहेरच्या कडेच्या आत, असा नियम आहे. जागा झाकायला आता डाव-उजवीकडे धावावंच लागतं. म्हणजे एका हाताने, धावता-धावता, उलट्या बाजूने घेतलेले चेंडू वाढले. तिथे ग्लोव्ह हलका आणि पटकन उघडणारा हवा. या मालातला जड नग टाळा म्हटलं ते यासाठीही.

जागा बदलते हेही धरून चाला. शॉर्टस्टॉप म्हणून करार झालेले कित्येक जण पुढे सेकंड किंवा थर्ड बेसवर जातात. मूकी बेट्स इनफिल्डर म्हणून निवडला गेला, आउटफिल्डमध्ये नाव कमावलं आणि २०२४मध्ये डॉजर्ससाठी शॉर्टस्टॉपला उभा राहिला. शाळेच्या संघात तर कोच दर सामन्याला जागा फिरवतो. एकच ग्लोव्ह परवडत असेल तर साडेअकरा हेच माप घ्या, सेकंड आणि शॉर्ट दोन्हीकडे चालतं, थर्डवर निभावतं. आउटफिल्डला मात्र मित्राचा मागावा.

डावखुऱ्या मुलासाठी हा ग्लोव्ह घेऊ नका. डाव्या हाताने फेकणाऱ्याला सेकंड, शॉर्ट किंवा थर्डवरून पहिल्या बेसला फेकताना अंग पूर्ण वळवावं लागतं आणि कोच त्याला तिथे उभं करत नाहीत. त्याला पहिल्या बेसचा मिट (बोटं वेगळी नसलेला मोठा ग्लोव्ह) किंवा आउटफिल्डचा ग्लोव्ह हवा. 'एल.एच.टी.'चा माल ठाण्यात सहसा नसतो, मागवावा लागतो, तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी बिलावर ती तीन अक्षरं आणि इंचांतलं माप लिहून घ्या. चुकीचा आला तर बदलून घेताना तेवढाच पुरावा हाती असतो.